रामरावांचं डावं पायडल

संकल्प सुटला, पितरांना आमंत्रण गेलं, खुशालरावांनी बोटात दर्भाचं पवित्रक चढवलं, आणि नेमक्या त्याच वेळी ओसरीवरचा पसारा आवरताना आरतीवहिनींना थर्माकोलच्या तुकड्यांत सायकलीची दोन पायडलं सापडली.

"आवो, हे कायचं रायलं?" दोन हातांत दोन पायडलं धरून त्या दारात उभ्या राहिल्या.

पाटावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे खुशालरावांनी, मान वळवली. समोर बसलेल्या उद्धव गुरुजींनीही वळवली. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ओसरीवर उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या निळ्या सायकलीकडे पाहिलं. तिला घंटी होती, आरसा होता, मागे कॅरियर होतं, हँडलला पांढऱ्या फुलांचा हारसुद्धा होता. पायडलं तेवढी नव्हती. खुशालरावांच्या धाकट्या भावाने, किशोरने, काल दुपारी खोकं फोडून ती जोडली होती. शेजारीपाजारी येऊन पाहून गेले होते, घंटी वाजवून गेले होते, आणि एकाच्याही ही गोष्ट लक्षात आली नव्हती.

"तरीच म्हनलं," किशोर म्हणाला, "सायकल अशी चापूनचोपून काहून दिसून राह्यली."

 सायकलीला पायडलं नाहीत हे सकाळीच एका माणसाने पाहिलं होतं, आणि तो माणूस तेव्हापासून तोंड मिटून बसला होता. तो माणूस म्हणजे उद्धव गुरुजी.

त्याचं असं झालं. खुशालरावांचे वडील रामराव गेले त्याला आज तिथीने वर्ष झालं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा खणखणीत माणूस. गेला तोही कोणाला त्रास न देता. त्यांचा विषय निघाला की जठारपेठेत पहिलं वाक्य सायकलीचं यायचं. रामरावांना सायकलीशिवाय पाहिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सकाळी सायकल घेऊन वावरात, म्हणजे शेतात, सांजेला सायकल घेऊन घरी. "आन् पंचर किती!" किशोर सांगे. "बाबाच्या सायकलीले झाले तेवढे पंचर अख्ख्या अकोल्यात झाले नसंन. जवा पाहा तवा बाबा पायी अन् सायकल हातात."

गेलेल्या माणसाला जे प्रिय ते ब्राह्मणाला दान द्यावं, म्हणजे ते त्याला तिकडे पोचतं, अशी रीत. तेराव्याला छत्री पोचली, चपला पोचल्या, गादी-उशी पोचली. सायकल देऊ देऊ म्हणताना राहून गेली. "थे वरीसभर तिथं पायी फिरून राह्यले," असं रामरावांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, रोज म्हणावं आणि रोज डोळ्यांना पदर लावावा. ऐंशीच्या घरातल्या या बाईने नवऱ्यामागे स्वतःसाठी काही म्हणता काही मागितलं नव्हतं. एकच मागणं, वर्षश्राद्धाला सायकल. शेवटी खुशालरावांच्या मुलीने, दामिनीने, ती मोबाईलवरून मागवली.

आता हे दान घेणार कोण? तीस वर्षं या घरची सगळी कार्यं करणारे अमरावतीचे उद्धव गुरुजीच. आणि उद्धव गुरुजींना सायकल चालवता येत नव्हती.

येत नव्हती म्हणजे अजिबात येत नव्हती. आठव्या वर्षी मावसभावाच्या सायकलवर बसून ते सरळ नालीत गेले होते. वडील म्हणाले, "आपल्याला कशाला हवं ते," आणि विषय तिथेच संपला. पुढची पन्नास वर्षं ऑटो, एसटी आणि यजमानाच्या मोटरसायकलीची मागची सीट यांवर सुखात निघाली. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सायकल एसटीत टाकून घरी न्यायची आणि भाच्याला देऊन टाकायची, असा साधासरळ बेत करून ते सकाळी अकोल्याला उतरले होते. पण दारात पाय ठेवताक्षणी मनकर्णाबाईंनी हात जोडले.

"गुरुजी, दान झालं का अंगनात एक चक्कर मारा. तुमी बसले म्हंजे तिकडं थेईबी बसतीन."

अंगणात भावकीतली वीस-पंचवीस माणसं होती. गुरुजी "बरं" म्हणाले, कारण तीस वर्षांत त्या घरात ते दुसरं काही म्हणालेच नव्हते. मग त्यांचं लक्ष सायकलीच्या खालच्या अंगाला गेलं, आणि त्यांनी मनातल्या मनात साऱ्या कुलदैवतांना नमस्कार केला.

ती पायडलं आता आरतीवहिनींच्या हातात होती.

"आनतो पाना. दोन मिंटाचं काम हाय," किशोर उठला.

"पाना लोखंडाचा?" गुरुजींनी विचारलं. "मग नको. श्राद्धाच्या जागी लोखंड वर्ज्य."

नियम खरा होता. सकाळी आल्या आल्या त्यांनीच विळी, अडकित्ता, सुरी आणि किशोरची पान्यांची पिशवी, असं घरातलं सगळं लोखंड शेजारच्या दुर्गाबाईंकडे पाठवून दिलं होतं. एरवी या बाबतीत गुरुजी थोडे सैल असत. आज मात्र त्यांना शास्त्र अक्षर न् अक्षर आठवत होतं.

"मंग सायकल कायची हाय, गुरुजी?" दामिनीने विचारलं. ती इंजिनिअरिंगला होती. पण कॉम्प्युटरच्या, हे ती सायकल आल्यापासून प्रत्येकाला सांगत होती.

गुरुजी ताम्हन पुसायला लागले. तेवढ्यात दामिनीनेच मोबाईलमध्ये पाहून सांगितलं, "जमते जमते. ॲल्युमिनियमची हाय."

"हातानं बसवा न," खुशालराव पाटावरून म्हणाले. श्राद्धाचा कर्ता असल्यामुळे त्यांना उठता येत नव्हतं, म्हणून ते जास्तच बोलत होते. "आटे हायेत त्याले. फिरोलं का बसते. दामिनी, पाह्य बरं मोबाईलमंधी."

दामिनीने व्हिडिओ लावला. "नमस्कार दोस्तों," मोबाईल म्हणाला, "सबसे पहले पंद्रह नंबर का पाना लीजिए."

"बंद कर थो," खुशालराव म्हणाले.

किशोर सायकलीच्या उजव्या अंगाला बसला. पायडलाची दांडी भोकात घातली, उजवीकडे फिरवली, आणि पायडल गुळगुळीत आत गेलं. त्याने तळहाताने शेवटचा पीळ देऊन हलवून पाहिलं. जागचं हलेना. माणसांनी "वा रे पठ्ठे" केलं. गुरुजींच्या डोळ्यांपुढे अंगण आलं, ती वीस-पंचवीस माणसं आली, आणि मधोमध आडवे पडलेले ते स्वतः आले.

किशोर डाव्या अंगाला गेला. दांडी घातली, उजवीकडे फिरवली, हात सोडला. पायडल टपकन खाली पडलं.

"सुटलं," किशोर म्हणाला. पुन्हा घातलं, पुन्हा उजवीकडे फिरवलं, पुन्हा टपकन.

"उजवीकडं फिरव न लेका!" खुशालराव ओरडले.

"उजवीकडंच फिरवून राह्यलो न, दादा!"

"अजून उजवीकडं फिरव!"

याबद्दल घरात कोणाचंच दुमत नव्हतं. नळ उजवीकडे घट्ट होतो, बरणीचं झाकण उजवीकडे लागतं, बल्ब उजवीकडे बसतो. गुरुजींनीही विचारल्यावर प्रामाणिकपणे सांगितलं, की प्रदक्षिणा उजवीकडून, आरती उजवीकडून, शुभ म्हणून जे काही आहे ते सगळं उजवीकडूनच. मग किशोरने पिंडासाठी काढून ठेवलेलं तूप आट्यांना चोपडलं. त्याने पायडल आणखी लवकर पडायला लागलं. गुरुजींनी पकड यावी म्हणून स्वतःचं उपरणं दिलं. ते काळं होऊन परत आलं.

पिंड साडेबाराच्या आत ठेवायला हवे होते. बाराला दहा कमी होती. गुरुजी म्हणाले, "खुशालराव, आपण असं करू. संकल्पात 'यथाशक्ती' म्हणू. एक पायडल लागलं आहे, तेवढं पुरे. पितर भावाचे भुकेले असतात."

हे ऐकून इतका वेळ भिंतीला टेकून बसलेल्या मनकर्णाबाई सरळ झाल्या.

"एका पायडलाची सायकल? लोकं काय म्हनतीन?"

"कोणते लोक, काकू?"

"तिथले! थ्याईच्या ओयखीचे सारे तिथंच गेले न आता. त्या लोकाईपुढं थे लंगडी सायकल घेऊन फिरतीन काय?" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काहून बसून नाई राह्यलं पायडल, म्या सांगू? थे नाराज हायेत. काव्ळा शिवत नाई, तसंच हाय हे."

 पिंडाला कावळा शिवत नसला की गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे असं समजतात; मग घरचे एकेक पुढे होऊन शब्द देतात, आणि शब्द पटला की कावळा येतो. पायडलाला हा नियम लावल्याचं गुरुजींनी कधी ऐकलं नव्हतं. पण बाकी कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पहिला किशोर पुढे झाला. त्याने डोळे मिटले, पायडल भोकात घातलं आणि म्हणाला, "बाबा, तुमी मले मरेपर्यंत सांगत होते. आजपासून खर्रा बंद." खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी काढून त्याने अंगणात भिरकावली आणि पायडल उजवीकडे फिरवलं.

"थोडंसं धरलं!" दामिनी ओरडली. "काका, खरंच धरलं!"

हात सोडल्यावर ते पडलं, पण या वेळी थोडं उशिरा पडलं यावर सगळ्यांचं एकमत झालं.

"थोडंच धरते म्हंजे अजून कोनाचं तरी बाकी हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि सगळ्यांच्या तोंडावरून एकेक करून नजर फिरवली.

आरतीवहिनी पदर सावरत पुढे आल्या. पायडल त्यांनी दोन्ही हातांत धरलं. "मामाजी," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "तुमचा रेडिओ चोरीले नोता गेला. म्याच भंगारवाल्याले देला. त्याच्यातून मुंग्या निंघून राह्यल्या होत्या."

"तू देला?" खुशालराव पाटावरून अर्धे उठले. "आन् बाबा त्या दूधवाल्याशी तीन वर्स बोलले नाई त्याच्यापायी!"

"तुमी बसा हो. तुमाले उठता येत नाई," आरतीवहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी पायडल फिरवलं. पडलं.

आता सगळे खुशालरावांकडे पाहायला लागले. थोरला मुलगा, कर्ता पुरुष.  मग आरतीवहिनींनी पायडल त्यांच्या हातात ठेवलं, तसे ते खाली मान घालून म्हणाले, "बाबा, वाटनीच्या टायमाले धुरा घातला न आपन. त्याच्यानंतर म्या दोन तास किशोरच्या वावरात सरकलो."

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि तास म्हणजे नांगराची एक ओळ. दोन तास म्हणजे काही फार मोठी जमीन नव्हे. पण ही गोष्ट किशोरला कोणी समजावून सांगितली नाही.

"कवा?"

"सात वर्स झाले."

"सात वर्स!" किशोर किंचाळला. "सात वर्स माह्या दोन तासावर कापसाची पऱ्हाटी घेऊन राह्यला तू! अन् दरसाल मलेच म्हनते, का किशोर, तुह्यं पीक कमी काहून येते!"

"म्हनून तं सांगून राह्यलो न आता!"

"पायडलापायी सांगून राह्यला! पायडल बसलं असतं तं मेल्यावर सांगतलं असतं काय?"

"हे पाह्य, म्या पाटावर हावो. मले उठता येत नाई म्हनून तू..."

"ऊठ न! ऊठ!"

खुशालराव उठले. भावकीतली माणसं मधे पडली. कोणीतरी सातबारा आणा म्हणालं, कोणीतरी तीस वर्षांपूर्वीचा दुसराच एक धुरा उकरून काढला, पाण्याचा तांब्या लवंडला, आणि भाताच्या पिंडाकडे एक मांजर निघालं. मनकर्णाबाईंनी पडलेलं पायडल उचलून पदरात घेतलं आणि त्या भिंतीशी जाऊन बसल्या.

"तुमचं धुऱ्याचं तुमी पाहान," त्या कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. "माह्या मानसाच्या पायडलाचं कोन पाह्यते?"

हे ऐकून गुरुजींना स्वतःची शरम वाटली. मनापासून वाटली. सकाळीच सांगितलं असतं तर पाना होता, वेळ होती, आणि दोन भाऊ एकमेकांशी बोलत होते. त्यांनी शास्त्र गुंडाळून ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जाऊ द्या ते लोखंडाचं. दुर्गाबाईंकडून पाना आणा. दोष मी माझ्या माथ्यावर घेतो."

दामिनी धावत गेली आणि चालत परत आली. "कुलूप हाय. दुर्गाबाई अचलपूरच्या यष्टीनं लग्नाले गेल्या. उद्या येतीन."

"किशोर, पेठेतून नवा आण."

"आज बाजार बंद हाय, गुरुजी."

सव्वाबारा झाले. गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ श्राद्धं पाहिली होती. भटजी रुसलेलं, स्वयंपाक करपलेलं, यजमान पाटावर झोपलेलं. पण यजमान भावाची कॉलर धरून उभा आहे आणि मृतात्मा पायडलासाठी अडून बसला आहे, असं एकही नव्हतं. आता हे घर आपल्याला पुन्हा बोलावणार नाही, याबद्दल त्यांची खात्रीच झाली. निदान पिंड तरी वेळेवर पडावेत म्हणून त्यांनी खुशालरावांना दंडाला धरून पाटावर बसवलं, मांजर हाकललं, आणि तीस वर्षांच्या सवयीने म्हणाले, "चला. अपसव्य करा."

खुशालरावांनी धुसफुसत खांद्यावरचं उपरणं काढून दुसऱ्या खांद्यावर टाकलं.

गुरुजींचा हात आपल्या जानव्यावर गेला आणि तिथेच थांबला. देवाचं काम सव्य, पितरांचं काम अपसव्य. देवाला जे डाव्या खांद्यावर, ते पितरांना उजव्या. देवाभोवती जे उजवीकडून, ते पितरांभोवती डावीकडून. पितरांचं सगळंच उलट चालतं, हे त्यांनी हजारो यजमानांना हजारो वेळा सांगितलं होतं. आणि सकाळपासून वीस-पंचवीस माणसं एका पायडलाला उजवीकडे फिरवत होती. डाव्या अंगाचं पायडल उजव्याच्या उलट बसत असलं तर?

हे खरं असणार हे त्यांना कळून चुकलं.

गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. कोणाला कधी कळलं नसतं. एका पायडलाच्या सायकलवर चक्कर मारा, असं कोणी म्हणालं नसतं. साडेबाराला पिंड, दीडला पान, तीनची अमरावती गाडी. गुरुजींनी पळी उचलली. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीकडे गेली. मनकर्णाबाई पदराच्या टोकाने पायडलाचं तूप पुसत होत्या. एकेक आटा सावकाश पुसत होत्या, पोराचं तोंड पुसावं तशा.

गुरुजींनी पळी खाली ठेवली.

"काकू, द्या ते इकडे," ते म्हणाले.

ते सायकलीच्या डाव्या अंगाला मांडी घालून बसले. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. पायडलाची दांडी भोकात घातली आणि डावीकडे फिरवली. पायडल आटे धरत धरत असं आत गेलं, की जसं काही सकाळपासून याचीच वाट पाहत होतं. गुरुजींनी तळहाताने शेवटचा पीळ दिला आणि हात सोडला. काहीही पडलं नाही.

किशोरची कॉलर खुशालरावांनी सोडली होतीच. आता त्याने गुरुजींचे पाय धरले. "कोनता मंत्र म्हनला, गुरुजी?"

"पितरांचा," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज रडका का येतो आहे, हे कोणाला समजलं नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. दानाचा संकल्प झाला, पिंड ठेवले, आणि तुपाच्या वासाने केव्हापासून भिंतीवर ताटकळत बसलेला कावळा पान ठेवताक्षणी शिवला. दोन तास परत करायचे ठरले. किशोर सगळ्यांच्या नजरा चुकवून अंगणात खर्ऱ्याची पुडी शोधत होता, तिच्यावर मनकर्णाबाईंनी पाय ठेवला. मग जेवणं झाली, आणि भावकी अंगणाच्या कडेने उभी राहिली. मधे निळी सायकल आणली गेली. दामिनीने मोबाईल काढून धरला.

"मारा चक्कर, गुरुजी," खुशालराव म्हणाले.

गुरुजींनी धोतर वर खोचलं, हँडल धरलं, आणि नालीतला तो आठव्या वर्षीचा वास त्यांच्या नाकात आला. ज्या घरात सकाळपासून सगळ्यांनी सगळं कबूल केलं, तिथे आपलंच काय ते राहिलं आहे, असं त्यांना वाटलं. ते मनकर्णाबाईंच्या जवळ गेले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, माफ करा. मला सायकल येत नाही."

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.  मग त्या वळल्या आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलल्या, "गुरुजीले चक्कर माराले लावू नोका. दानाची वस्तू देनाऱ्याच्या अंगनात वापरत नसतात. हातात धरून न्या लागते. शास्त्र हाय तसं. हाय न, गुरुजी?"

"आहे," गुरुजी म्हणाले. असं कुठल्याच पोथीत नव्हतं.

"पन माय, सकायी तूच तं म्हनत होती..." खुशालराव म्हणाले.

"मले आता आठोलं," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि गुरुजींना पोचवायला फाटकापर्यंत आल्या. फाटकाशी कोणी नाही असं पाहून त्यांनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला.

"थ्याईले बी येत नोती, गुरुजी."

"कोणाला?"

"मालकाले. लग्नात माह्या बापानं सायकल देली. चालवता येत नोती, अन् सांगाची लाज. शिकाले गेले तं लोकं पाह्यतीन. मंग साठ वर्स हातात धरून वावरात नेली, अन् हातात धरून घरी आनली. कोनी भेटलं तं म्हनत, पंचर हाय."

 "मग काकू," गुरुजी म्हणाले, "एका पायडलासाठी तुम्ही एवढं रडलात ते कशाला? चालवायची तर नव्हतीच."

"आवो, पायडल असलं तं पंचर म्हनता येते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पायडलच नसलं तं लोकाईले समजते न. साठ वर्स म्या कोनाले समजू नाई देलं, पोराईले बी नाई. आता तिथं जाऊन समजंन काय?"

त्यांनी एकदा घंटी वाजवली आणि त्या आत गेल्या.

गुरुजी सायकल हातात धरून जठारपेठेतून निघाले. कोपऱ्यावर त्यांच्या ओळखीचे वामनराव वकील पानठेल्यापाशी उभे होते. "काहून गुरुजी, नवी सायकल अन् पायी? पंचर काय?"

"पंचर," गुरुजी म्हणाले. म्हणायला अगदी सोपं होतं.

बसस्टँडवर अमरावती गाडीच्या कंडक्टरने डिकी उघडली, सायकल आत घातली, झाकण दोनदा आपटून पाहिलं आणि सायकल परत बाहेर काढली. "डिकी लागून नाई राह्यली, गुरुजी. पायडल काढा लागते. पाना हाय काय?"

ज्या पायडलांपायी एक खर्रा, एक रेडिओ आणि दोन तास गेले होते, त्यांच्याकडे गुरुजींनी क्षणभर पाहिलं. मग ते स्टँडच्या धुळीत उकिडवे बसले. हातानेच लागलेली, हातानेच निघायला हवीत. उजवं त्यांनी डावीकडे फिरवलं. ते दमाने निघून आलं. डावं उजवीकडे फिरवायला घेतलं.

"आवो, हे उलटं फिरवून राह्यले तुमी! घट्ट होईन ते!" कंडक्टर म्हणाला, आणि त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत पायडल गुरुजींच्या तळहातावर होतं. कंडक्टर पाहतच राहिला. त्याने सायकल डिकीत सारली, झाकण लावलं आणि आदराने विचारलं, "हात बसलेला हाय तुमचा. लय वर्सापासून सायकल चालवता वाटते?"

गुरुजींनी दोन्ही पायडलं काळ्या झालेल्या उपरण्यात गुंडाळली आणि पिशवीत दर्भाशेजारी ठेवून दिली.

"जन्म गेला," ते म्हणाले, आणि गाडीत चढले.